शाहूपुरीतली अक्षरं

नव्या फ्लेक्सचा वास आला की मला शाहूपुरीतल्या आमच्या दुकानातला तो सोमवार आठवतो. वडिलांनी आयुष्यभर ब्रशने पाट्या रंगवल्या आणि साठीनंतर तीच वळणदार अक्षरं ते कॉम्प्युटरवर काढायला शिकले. आदल्या दिवशी मी त्यांना न सांगता कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकली होती. जुनं ग्राफिक्स कार्ड तिला चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सोमवारी दुपारी मी दुकानात आले, तर ते एका तालमीची पाटी करत बसले होते. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसत होत्या आणि रेघ माउसच्या मागून अडखळत येत होती. “हात गेला की गं माझा,” ते म्हणाले. “हात न्हाय आण्णा, कार्ड जुनं हाय. मीच सिस्टिम बदलली काल.” “समजूत काढू नगंस. सकाळपास्नं धा येळा काढून बघितलं.” आठवड्यात मी नवा कॉम्प्युटर आणला, पण ते त्याच्यासमोर बसले नाहीत. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, “लेकीला सांगा पावणं, माझं आता काय खरं न्हाय.” आता ते नाहीत आणि दुकान मी एकटी बघते. त्या रविवारी एक फोन करून ‘सिस्टिम बदललीय’ एवढं सांगितलं असतं, तरी पुरलं असतं.