आपल्याच तोफेचा गोळा

मी समुद्र पाहिलेला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, तेवढ्या बळावर लढाईतल्या जहाजाबद्दल लिहायला बसलो आहे. चुकलं तर माफ करा.

आमच्या जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. माझा मोठा भाऊ लढाऊ जहाजावर होता आणि लढाई सुरू होती. एके सकाळी कॉलेजच्या वाचनालयात बातमी वाचली: अंधारात आपल्याच एका जहाजाचा गोळा आपल्याच दुसऱ्या जहाजाला लागला, आग भडकली, काही खलाशी गेले. गोळा लागला ते भावाचं जहाज होतं. दोन्ही जहाजांची नावं दिली होती, गेलेल्यांची नव्हती. मी तीनदा वाचलं, मग सायकल काढली. सानगडीच्या कॉलेजातून गावापर्यंत न थांबता पायडल मारत आलो.

बाबा तलावाच्या काठी जाळं झटकत होते. काका डोंग्यात, आमच्या लहान होडीत, बसून मासे निवडत होते. मी बातमी सांगितली.

"आपल्याच लोकाईनं मारलं? काहून?" बाबांनी विचारलं.

"अंधारात ओळखलं नाही म्हणते."

"मंग हाक कायले नाही देली? आमी धुक्यात डोंगा नेतो तं हाक देतो. समोरचा ओ देते."

"समुद्रात हाक आयकू जाते का गा?" काका म्हणाले.

बाबांनी जाळं पुन्हा झटकलं. "त्याले पोहता येते. हा तलाव पार करे तो."

आगीचं मी सांगितलंच नव्हतं. पुढेही सांगितलं नाही.

त्यानंतर मी कॉलेजात गेलो नाही. तार आली तर ती इंग्रजीत असणार, आणि घरात ती मलाच वाचावी लागणार होती. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मी सगळ्यांच्या आधी दारात जायचो.

दहाव्या दिवशी तार नाही, पत्र आलं. अक्षर भावाचं, तारीख बातमीच्या बरीच आधीची. जिल्हा फुटल्याचं त्याने दूर कुठेतरी ऐकलं होतं. आपला साकोली तालुकाही तिकडे गेला असं समजून त्याने पत्त्यावर जिल्हा गोंदिया लिहिला होता. पत्र तिकडेच फिरत राहिलं.

मी मोठ्याने वाचलं. त्याची बदली झाली होती, जुन्या जहाजावरून तो उतरला होता. आई रडायला लागली.

"आपला जिल्हा मालूम नाही, अन् लढाई करून राहिला!" काका हसले. बाबाही हसले.

पुढची ओळ मी मनातच वाचली. नव्या जहाजावर त्याला तोफेवर घेतलं होतं. खाली त्या जहाजाचं नाव होतं. बातमीतला गोळा त्याच जहाजावरून सुटला होता.