डेल्मर स्टूप्सची साक्ष

डेल्मर स्टूप्सच्या अंगाला वास यायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात त्याचं नाव निघालं की पहिल्यांदा वासच निघतो. कॉलेजच्या जीवशास्त्र विभागाच्या तळघरात हाडांची खोली होती, तिथे तो एकतीस वर्षं काम करत होता. रस्त्यावर गाडीखाली आलेला कोल्हा, कुणाच्या तबेल्यात मेलेलं शिंगरू, शिकाऱ्यांनी आणून टाकलेलं अस्वल, काहीही आलं की डेल्मर ते सोलायचा, सुरीने होईल तेवढं मांस काढायचा आणि बाकीचं किड्यांच्या पेटीत ठेवायचा. ते बारीक काळे किडे दोन-तीन आठवड्यांत हाडं लख्ख करून द्यायचे. मग तो एकेक हाड जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवायचा, वाळवायचा, त्यावर शाईने आकडा घालायचा आणि खोक्यात निजवायचा. निजवायचा हा त्याचाच शब्द.

रविवारी साबणाची अर्धी वडी झिजवून चर्चला यायचा, तरी पुढच्या बाकावरची पोरं नाकं दाबायची.

"डेल्मर, किडे घरी ठेवून आलास ना रे?" म्हातारा हर्शेल दारातच विचारायचा.

"खिशात आहेत. तुझ्यावरच डोळा आहे त्यांचा, जरा अंतर ठेवून बस," डेल्मर म्हणायचा.

मी लोरेना. त्याच विभागात वरच्या मजल्यावर ऑफिस सांभाळते. प्राध्यापकांच्या रजा, पोरांचे अर्ज, फायली आणि सगळ्यांची गाऱ्हाणी, सव्वीस वर्षं झाली. आणि त्याच चर्चमध्ये रविवारी पियानो वाजवते. म्हणजे शनिवार सोडला तर हा माणूस रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याचं काय झालं ते सांगायला माझ्याइतकं लायक कुणी नाही आणि माझ्याइतकं नालायकही कुणी नाही. का ते कळेलच.

डेल्मर आमच्या चर्चचा डीकन होता, म्हणजे मंडळीने निवडलेला सेवक. टेनेसीच्या या डोंगरात लहान बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन होणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. पगार नाही, हार-तुरे नाहीत. गटार तुंबलं तरी त्यालाच बोलावतात आणि कुणी मरायला टेकलं तरी त्यालाच. मान एकच. तीन महिन्यांतून एकदा येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं प्रभुभोजन असतं, तेव्हा भाकरीचे तुकडे आणि द्राक्षाच्या रसाचे बोटभर प्याले ठेवलेलं तबक डीकन लोकच बाकाबाकांतून फिरवतात.

त्याची बायको वानेटा. एके काळी सगळ्या मंडळीत तिच्या जिभेला धार होती. पास्टरचं प्रवचन लांबलं की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं घड्याळाला चावी द्यायची. चार वर्षांपूर्वी तिला झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. गिळताना ठसका लागायचा. मुलीने भरवलं, नर्सने भरवलं, तरी लागायचाच. डेल्मरच्या हातून मात्र ती व्यवस्थित घ्यायची. हनुवटी कुठे धरायची, किती कलवायची, केव्हा थांबायचं, ते त्याच्या बोटांना कळायचं. प्रभुभोजनाच्या रविवारी तो आपल्या वाटणीच्या सगळ्या रांगा करून शेवटी तिच्या चाकाच्या खुर्चीपाशी यायचा, तबक बाकावर ठेवून एका गुडघ्यावर बसायचा आणि तो चिमुकला प्याला तिच्या ओठांना लावायचा. तिचं गिळून होईपर्यंत मी पियानोवर गीताची शेवटची ओळ लांबवायची. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्या मंडळीला ते माहीत होतं. चर्च उरलं नाही तर वानेटाकडे काही उरणार नव्हतं, आणि ते तिच्यापर्यंत डेल्मरच्या हातूनच पोचत होतं.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "खाली प्राध्यापकांचं ऐकतोस, रविवारी पास्टरचं. डोकं दुखत नाही का तुझं?"

"मी कशाला डोकं दुखवू? मी धुणारा माणूस," तो म्हणाला. "हाड हातात असलं की देव लांब आहे असं मला कधी वाटलं नाही. तू वर फायलींत बसतेस, तुला वाटत असेल."

मग तो ऑक्टोबर आला. ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या मंडळाने दुरून एक विद्वान बोलावला. जिवांची घडण आपोआप झालेली नाही, तिच्यात कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात उघड दिसतो, असं मांडणारा. आमचे विभागप्रमुख डॉ. क्रांट्झ म्हणाले, येऊ दे, मी समोर बसतो. झालं! महिनाभर कॉलेजात दुसरा विषय नाही. पार्किंगमधल्या गाड्यांच्या मागे माशांची चित्रं चिकटली होती, चर्चवाल्यांचा नुसता मासा, येशूची खूण म्हणून, आणि उत्क्रांतीवाल्यांच्या माशाला पाय. कुणीतरी रात्रीतून पाय खरवडून काढायचं, की दुसऱ्या दिवशी चार नवे मासे. पोरं ठीक आहे, पण पन्नाशीचे प्राध्यापक जेवणाच्या टेबलावर एकमेकांकडे पाठ करून बसायला लागले. मला दोन्हीकडचे लोक विचारायचे, "लोरेना, तू कुणाच्या बाजूची?" मी म्हणायची, "मी पगाराच्या बाजूची." सगळे हसायचे आणि मी सुटायची. असं सुटण्यात मी पटाईत आहे.

डेल्मरला मात्र कुणी सुटू देईना. आमचे पास्टर रॉइस टॅकेट स्वतः तळघरात उतरले.

"डेल्मरभाऊ, एकतीस वर्षं देवाची कारागिरी तुझ्या हाताखालून गेली. त्या दिवशी उभा राहा आणि एवढंच सांग."

दुसऱ्या दिवशी डॉ. क्रांट्झ उतरले. "डेल्मर, ती डबी घेऊन ये बरं का. लोकांना दिसू दे."

ती डबी तंबाखूची होती. वीसेक वर्षांपूर्वी किनाऱ्यावरून डॉल्फिनचं मेलेलं पिल्लू आलं होतं. डॉल्फिनच्या पोटाकडच्या मांसात बोटाएवढी दोन हाडं असतात, कंबरेची. कण्याला जोडलेली नाहीत, कशालाच जोडलेली नाहीत. घाईने काम करणारा माणूस ती मांसाबरोबर फेकून देतो. डेल्मरने चिमटा न वापरता, बोटांनी चाचपत ती शोधली होती आणि कापसात घालून डबीत जपून ठेवली होती.

सभागृह खचाखच भरलं. डावीकडे चर्चची माणसं, उजवीकडे विभाग. मी विभागाबरोबर तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला. दोघांची भाषणं झाली, टोले-प्रतिटोले झाले. मग प्रश्नांसाठी वाटेत माइक ठेवला आणि रांग लागली. डेल्मर रांगेत उभा राहिला.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आमच्या माणसांना चारचौघांत उभं राहून बोलायची एकच जागा ठाऊक आहे, बुधवारच्या प्रार्थनेला साक्ष द्यायची. देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं, खोटं बोलायचं नाही, आणि संपलं की शेजारचा उठून तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. डेल्मरने माइक पाहिला, टोपी काढली आणि सुरुवात केली, "मी डेल्मर स्टूप्स. मी पापी माणूस, कृपेने तारला गेलेला."

मागे पोरं खिदळली. सूत्रसंचालक म्हणाला, "साहेब, प्रश्न विचारा."

"सांगतोय," डेल्मर म्हणाला. "एकतीस वर्षं मी हाडं धुतोय. वटवाघळाचा पंख धुताना दर वेळी माझा हात त्याच्या शेजारी धरून बघतो. तीच बोटं. देवाचे आभार मानल्याशिवाय एकही पंख मी खोक्यात निजवला नाही."

"आमेन!" डावी बाजू गरजली. टाळ्या पडल्या. त्याने डबी उघडली.

"पण ही दोन मला डॉल्फिनच्या पोटात सापडली. ज्याला पाय नाहीत त्याला कंबर कशाला? मी याच्यावर पुष्कळ प्रार्थना केली. मला वाटतं, याची कुणीतरी आजी चालत होती. देवाने ते तसं केलं असेल, तर तो देव आहे, मला विचारून करणार नाही. पण मी हाडाबद्दल खोटं सांगणार नाही, आणि त्याच्याबद्दलही नाही. एवढंच."

उजवी बाजू उठून उभी राहिली. शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "आजी चालत होती!" आणि हशा पिकला. विद्वान पाहुणे काहीतरी सभ्यपणे बोलले, कुणाला ऐकू गेलं नाही. डेल्मर मात्र जागेवरून हलेना. उघडी डबी हातात धरून उभा. मला कळलं तो कशाची वाट बघतोय. त्याची साक्ष संपली होती, आता कुणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवायचा होता. मी चार पावलांवर होते. उठले असते तर डावीकडच्यांनीही पाहिलं असतं आणि उजवीकडच्यांनीही. मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

पुढचं भराभर झालं. वर्तमानपत्रात मथळा आला, "डीकन म्हणतो, डॉल्फिनची आजी चालायची." विभागाने त्याच वाक्याचं पोस्टर काढलं, देवाच्या आभाराचा भाग गाळून. डेल्मर वर येऊन डॉ. क्रांट्झना म्हणाला, "अख्खं लावा नाहीतर काढून टाका. मी तुमच्यासाठी नव्हतो बोललो." क्रांट्झ म्हणाले, "डेल्मर, तू आमचा हिरो आहेस." पोस्टर तसंच राहिलं. पुन्हा त्यांच्या दारात तो पाऊल ठेवेना.

नोव्हेंबरात चर्चच्या सभासदांची सभा बसली. पास्टर टॅकेट वाईट माणूस नाही. त्यांचे डोळे भरले होते. "भाऊ, एवढंच म्हण की मी चुकलो. गोष्ट इथेच मिटेल."

"पास्टर, मी शंभर ठिकाणी चुकतो. पण ती हाडं मी पाहिली ना."

ठराव असा होता की डेल्मर स्टूप्सला डीकनपदावरून काढावं आणि पश्चात्ताप करेपर्यंत प्रभूच्या मेजापासून, म्हणजे प्रभुभोजनापासून, दूर ठेवावं. बाजूने असतील त्यांनी उजवा हात वर करावा. हात वर गेले. मी पियानोवर बसले होते, दोन्ही हात पट्ट्यांवर. ते तिथेच ठेवले असते तर कुणी मला दोष दिला नसता. पण हर्शेलची बायको वळून माझ्याकडे बघत होती, आणि मी उजवा हात वर केला. एवढा हलका हात मी आयुष्यात उचलला नसेल. त्याची लाज मला अजून वाटते.

हर्शेल मोजत होता. वानेटापाशी येऊन थांबला. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला. "वानेटाला हात उचलता येत नाही," तो म्हणाला, "पण पोरसवदा होती तेव्हापासून ती या चर्चची. तिचं मन कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. लिहा, एकमताने." वहीत तसं लिहिलं गेलं. डेल्मर तिच्या गुडघ्यावरची शाल नीट करत राहिला.

मी फोन करून त्याला म्हटलं, "दुसऱ्या चर्चला जा रे. इथे कशाला मन मारून बसतोस?"

"तिचे आई-बाप चर्चच्या मागच्या आवारात पुरलेत, लोरेना. तिला मी कुठे नेऊ?"

जानेवारीचा पहिला रविवार उजाडला. बाहेर बर्फ, आत प्रभुभोजन. तबक आता हर्शेलच्या हातात होतं. डेल्मर वानेटाच्या खुर्चीशेजारी बाकावर बसलेला. हर्शेलने तबक त्याच्या समोरून पुढे नेलं, मग परत येऊन वानेटासाठी एक प्याला त्याच्या हातात दिला. एवढी दया सगळ्यांनी मिळून ठरवली होती. डेल्मर नेहमीसारखा गुडघ्यावर बसला. हनुवटी धरली, प्याला लावला. मी शेवटच्या ओळीवर आले.

वानेटाने ओठ मिटले.

"घे गं," तो हळूच म्हणाला. "तुझं आहे ते."

ओठ उघडेनात. रस हनुवटीवरून कॉलरवर ओघळला. त्याने पुसला, पुन्हा लावला. मी ओळ पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. तेव्हा तिने डावा हात उचलला, जो कुणी मोजला नव्हता, आणि तो प्याला डेल्मरच्या तोंडाकडे ढकलला. त्याला घेता येत नव्हता. तो मान हलवत राहिला, ती ढकलत राहिली. साऱ्या मंडळीने पाहिलं, आणि साऱ्या मंडळीने माना खाली घातल्या. मी ती ओळ किती वेळा वाजवली देव जाणे. शेवटी पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी थांबले. डेल्मरने प्याला तसाच तबकात ठेवला.

माझा प्याला हर्शेलने नेहमीप्रमाणे पियानोवर ठेवला होता. मी तो प्यायले.

मार्चमध्ये वानेटा गेली. पुढचं प्रभुभोजन एप्रिलात होतं, म्हणजे जानेवारीतला तो न घेतलेला प्यालाच तिचा शेवटचा. मागच्या आवारात आई-बापांशेजारी तिला पुरलं, आणि दोन्ही बाजूंची माणसं आली, पास्टरही, क्रांट्झही, एकमेकांपासून अंतर ठेवून. प्रार्थना संपली. लोक गाड्यांकडे वळले. डेल्मर टोपी हातात धरून खड्ड्यापाशी उभा होता, अगदी त्या दिवशी माइकपाशी उभा होता तसा. मी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. साबणाचा वास आला आणि त्याखाली तो दुसराही.

त्याने वळून पाहिलं नाही. "साक्ष संपून पाच महिने झाले, लोरेना," तो म्हणाला.

हात त्याने झटकला नाही. मीच काही वेळाने काढला.