नानांची टॉवेल-टोपी

सावधान नानांना साधं बोलता येत नसे, ते घोषणा करायचे. उभी नोकरी त्यांनी धुळ्याच्या बसस्टँडवर माइकपुढे काढली होती, आणि निवृत्तीनंतर माइक सुटला तरी आवाज काही सुटला नाही. चहा हवा असला की ओट्यावरून ऐकू यायचं, "स्वयंपाकघरातून ओट्याकडे येणारा चहा दहा मिनिटं उशिरानं धावत आहे, अक्कांनी नोंद घ्यावी." अक्का, म्हणजे त्यांची बायको, आतून उत्तर द्यायच्या, "गाडी रद्द झाली." ही शुद्ध मराठीही फक्त घोषणेपुरती. घोषणा संपली की नाना लगेच अहिराणीवर यायचे, आणि मग त्यांना गल्लीतलं बठ्ठं, म्हणजे सगळं, माहीत शे असा त्यांचा दावा असायचा. दावा बहुतेक खराच असायचा.

'सावधान' हे नाव गल्लीनं ठेवलेलं. आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांत मंगलाष्टकं नाना म्हणायचे. इतर लोक 'शुभमंगल' लांबवतात आणि 'सावधान' उरकून टाकतात. नानांचं उलट होतं. त्यांचा सावधान सुटला की मागे बट्ट्या तळणारा आचारीसुद्धा हातातला झारा तसाच धरून उभा राहायचा. नवरदेवाच्या चेहऱ्यावर तर पहिल्यांदाच काहीतरी लक्षात आल्यासारखे भाव यायचे.

या कामाचा ते एक रुपया घेत नसत. मान म्हणून टॉवेल, टोपी आणि नारळ, बस. पण ते लग्न खरं हवं. शाळेच्या गॅदरिंगमधलं लग्न, जाहिरातीतलं लग्न, नवरीच्या कपड्यांच्या दुकानाचं उद्घाटन, अशी कितीतरी आमंत्रणं त्यांनी परत पाठवली. "खोट्या लग्नाला मी म्हणत नाही," ते म्हणायचे. "अक्षता पडली म्हणजे पडली. ती उचलून पुन्हा टाकता येत नाही." धरणगावच्या एका लग्नात व्हिडिओवाल्यानं कॅमेरा बंद राहिला म्हणून शेवटचा सावधान पुन्हा म्हणायला सांगितला. नानांनी माइकवरूनच जाहीर केलं, "लग्न सुटलेलं आहे. प्रवाशांनी मागे धावू नये."

मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं ते स्वतः रचायचे, त्यात नवरानवरीची नावं गुंफायचे. गल्लीत पोर जन्मलं की बारशाच्या आधी नानांच्या डोक्यात त्याचं कडवं तयार असे. मी सात-आठ वर्षांचा असताना त्यांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं होतं, "सुहास, तुझ्या नावाला मी 'सहवास' राखून ठेवलाय. दुसऱ्या कुणाला देणार नाही." समोरच्या विकासला त्यांनी 'झकास' दिला होता, त्यामुळे मला माझ्या नशिबाचा फार अभिमान वाटायचा. पुढे दर दिवाळीला ते विचारायचे, "काय रे, सहवास तसाच पडलाय. कधी वापरायचा?"

मी तिशीला आलो आणि धुळ्यातल्याच देवपुरात मिलिंदबरोबर खोली घेऊन राहायला लागलो. मिलिंद एरंडोलचा, शाळेत विज्ञान शिकवतो, आणि माझा कोण आहे ते सांगायला मराठीत अजून बरा शब्द निघालेला नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, तो ताबडतोब काढला होता: "रूम पार्टनर." रूम एकच, पार्टनर एकच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. नातेवाईक आले की आबा सांगायचे, "सुहास रूम पार्टनरबरोबर राहतो, भाडं परवडत नाही ना." अशी अकरा वर्षं गेली. भाडं काही परवडेना.

मी मिलिंदबरोबर राहायला गेलो त्या दिवाळीपासून नानांनी 'सहवास'चं विचारणं बंद केलं. मला ते फार लागलं. लोकांचं विचारणं थांबावं म्हणून मी काय काय खटपटी केल्या होत्या! पण नाना थांबले तेव्हा वाटलं, आपला शब्द त्यांनी दुसऱ्या एखाद्या सुहासला देऊन टाकला. आपलं नाव मंगलाष्टकात कधी येणार नाही हे मला आधीच कळलं होतं. ते नानांनाही कळलं, याचं मला रडू आलं.

आता आमच्या नाटकाचं सांगतो. जळगाव-धुळ्याकडची आम्ही दहा-बारा मंडळी, सगळी आमच्यासारखी. मोठ्या शहरांत अशा लोकांची अभिमान यात्रा निघते. आमच्याकडे उन्हात मोर्चा काढला तर पहिला प्रश्न यायचा, "मागण्या काय?" आणि दुसरा, "केळीच्या भावाचं त्यात घेतलं का?" म्हणून आम्ही संगीत नाटक बसवलं: 'चंद्राची राणी, केळीच्या पानी'. चंद्रावरची राणी वाट चुकून फैजपूरच्या केळीच्या बागेत उतरते आणि बागायतदाराच्या प्रेमात पडते. राणी मी. टिकल्यांची साडी, डोक्यावर थर्माकोलचा चंद्र, आणि मिशा शाबूत. प्रेक्षकांनी ठरल्या जागी ओरडायचं, ताटं वाजवायची, पाऊस आला की केळीचं पान डोक्यावर धरायचं, अशी सगळी योजना.

पहिल्या वर्षी प्रेक्षक शोकसभेला बसल्यासारखे बसले. आम्ही पाणी शिंपडलं तर त्यांनी चष्मे पुसले. शेवटी एक काका स्टेजजवळ येऊन म्हणाले, "विषय चांगला मांडला, पण वरून गळतंय, ते बघून घ्या." दुसऱ्या वर्षी नाट्यगृह मिळेना, म्हणून जळगावचं एक मंगल कार्यालय दुपारपुरतं घेतलं. तिथल्या अर्जावर विवाह, मुंज आणि वाढदिवस एवढेच पर्याय होते. आम्ही विवाहावर खूण केली. मॅनेजरनं फाटकावर लगेच पाटी लावली: 'चंद्रिका व बागायतदार यांचा शुभविवाह'. वरण-बट्टीची पंगत घेतल्याशिवाय हॉल मिळत नव्हता, तीही घेतली.

आता या वर्षी तरी लोकांना कसं ओरडायला लावायचं, हे विचारायला मी नानांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. राणीला मिशा का, हे एकदाही विचारलं नाही.

"गेल्या सालले लोकेसना हातमा काय दिधं?" त्यांनी विचारलं.

"माहितीपत्रक."

"म्हणून वाचत बसले ना भो! मुठीत तांदूळ दे." मग माइक नसतानाही आवाज बदलून म्हणाले, "आपल्या माणसाला नाटकात ओरड म्हणून सांगावं लागतं. लग्नात कधी सांगावं लागलंय का? तिथं तो रुसतो, चिडवतो, फेकतो, 'नाव घ्या' म्हणून नवरीचा जीव खातो. तुम्ही जे करू म्हणताय ते आपण दर वैशाखात करतो."

नाटकाच्या शेवटी राणीचं लग्न होतंच. आम्ही ते उचलून मध्यावर आणलं, दारातच प्रत्येकाच्या मुठीत अक्षता दिल्या, आणि हॉल पेटला. पुढच्या दोन वर्षांत लोकांना संवाद आमच्यापेक्षा चांगले पाठ झाले. एरंडोलहून बायका घरची ताटं-चमचे घेऊन यायच्या. मी एखादं वाक्य चुकलो तर सगळा हॉल एका सुरात "सावकाश, राणीसाहेब!" म्हणायचा.

नाना दरवर्षी यायचे आणि शेवटच्या रांगेत बसायचे. मी दरवर्षी विचारायचो, "नाना, मंगलाष्टकं म्हणता का?" दरवर्षी एकच उत्तर, "खोट्या लग्नाला मी म्हणत नाही." त्यांच्या मुठीतल्या अक्षताही ते टाकत नसत. नाटक संपल्यावर दारातल्या परातीत जशाच्या तशा परत ओतायचे. मला वाटायचं, म्हातारा येतो, हसतो, जेवतो, पण आपल्याला मोजत नाही. एकदा मी मिलिंदला रागानं म्हणालोही, "पुढच्या वर्षी बोलवायलाच नको." मिलिंद शांतपणे म्हणाला, "त्यांनी मला आज विचारलं, तुमच्यात लग्नात तांदूळ टाकतात का म्हणून. मी सांगितलं, आम्ही बौद्ध, आमच्याकडे फुलं टाकतात." मी म्हणालो, "म्हाताऱ्याला चौकशी खिडकीची सवय आहे."

पाचव्या वर्षी घोळ झाला. बागायतदाराचं काम करणाऱ्या आमच्या मित्राचा साखरपुडा घरच्यांनी नेमका त्याच दुपारी ठरवला, आणि त्याला विचारायचं राहून गेलं. सकाळी त्याचा फोन आला. तो रडत होता, आणि मागे कुणीतरी पेढे मोजत होतं. ऐनवेळी संवाद येणारा माणूस एकच उरला होता, पडद्यामागे दिवे सांभाळणारा मिलिंद. त्याला फेटा बांधला आणि उभा केला.

लग्नाचा प्रवेश आला. अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे मिलिंद. भटजीचं काम करणारी आमची शबाना मंगलाष्टकं सुरू करणार, इतक्यात मागून घोषणा आली, "मधल्या वाटेत गर्दी करू नये." नाना स्टेजवर येत होते. त्यांनी शबानाच्या हातातून माइक घेतला, घसा साफ केला आणि हॉलकडे वळले. "मुलाकडच्या मंडळींनी अक्षता हातात घ्याव्यात." मग थांबले. "आणि मुलाकडच्या मंडळींनी खांबावरच्या माळांची फुलं तोडून घ्यावीत. मॅनेजरांनी नोंद घ्यावी." हॉल हसून लोटपोट झाला. नाना हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं:

लाभावे अरविंद आज सजले, भृंगा मिलिंदा, तुला,
त्याचा हा सहवास गोड मिळुनी, राहा सुहासा, खुला!

आमच्या नाटकात सुहास नाही, मिलिंदही नाही. संवाद पाठ असलेल्या त्या सगळ्या हॉलला हे कडवं मात्र पाठ नव्हतं. तीस वर्षं राखून ठेवलेला माझा शब्द नानांनी कुणालाही दिलेला नव्हता, फक्त आमची जोडी अंतरपाटाशी समोरासमोर उभी राहायची वाट बघितली होती. मग तो सावधान सुटला. तांदूळ आले, झेंडू आले, ताटं वाजली, आणि मी मिशांवरून डोळ्यांतलं पाणी गाळत उभा राहिलो. पहिल्या वर्षीचे काका म्हणाले असते, वरून गळतंय.

विंगेत नानांनी हात पुढे केला. "माझी टॉवेल-टोपी?"

मी धावपळ करून कुठूनतरी एक गमछा आणला. त्यांनी तो माझ्याच गळ्यात टाकला. "नवरदेवानं द्यायची नसते. घरच्यांनी द्यायची असते. सकाळी आठ वाजता आबांच्या ओट्यावर ये. गाडी वेळेवर सुटेल."

रात्रभर मी मिलिंदला म्हणत होतो, आता आबा उरलंसुरलं बोलणंही तोडणार. आठला पोचलो तर नाना ओट्यावर बसलेले, आबा दारात उभे.

"आबा, मनी टॉवेल-टोपी ऱ्हायनी," नाना म्हणाले.

"कसानी टोपी?"

"तुना पोऱ्यानं लगीन लायं मी काल. बठ्ठा हॉलनं दखं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग नानांकडे. "ते नाटक होतं म्हणे."

"आबा," नाना एकदम शुद्ध मराठीवर आले, "मी खोट्या लग्नाला म्हणत नाही."

हे सगळ्या धुळ्याला माहीत होतं. आबा वळून आत गेले. मला वाटलं, दार लागणार. आतून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टिकमधला कोरा टॉवेल आणि त्यावर पांढरी टोपी होती. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी असे दोन गठ्ठे घेतले होते, एक तिच्या लग्नाला आणि एक माझ्या. दुसरा गठ्ठा आईनं डांबराच्या गोळ्या घालून ठेवून दिला होता. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

नानांनी टोपी डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. "आणि नारळ?"

"नारळ घरात नाही," आबा म्हणाले. "संध्याकाळी पाठवतो."

"टॉवेलचा गठ्ठाच होता ना? बाकीचे?"

"बाकीचे बाहेर काढून ठेवलेत," आबा म्हणाले. "लोक भेटायला आले तर लागतील."

त्याच हिवाळ्यात नाना गेले. झोपेतच, कसलीही पूर्वसूचना न देता. उभ्या जन्मात त्यांनी विनाघोषणा केलेली ही एकच गोष्ट. अक्का सांगत होत्या, आयुष्यभर मिळालेल्या टॉवेलांचं त्यांनी घरात पुसणं केलं, पण आबांचा टॉवेल वापरू दिला नाही. म्हणायचे, "तो उशिरा आलेल्या गाडीचा शे, सांभाळ." या वर्षी नाटकात मंगलाष्टकं शबानानंच म्हटली. पण शेवटी तिनं माइक खाली केला आणि सावधान सगळ्या हॉलनं म्हटला. मॅनेजर धावत बाहेर आला.

नानांच्या दहाव्याला मी आणि मिलिंद आबांबरोबर गेलो होतो. पुण्याहून आलेल्या नानांच्या मुलानं मिलिंदकडे बघून विचारलं, "हे कोण?" माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर तयार होतं, पण आबांनीच आधी सांगितलं, "हा मिलिंद. सुहासचा पार्टनर." मी रूम या शब्दाची वाट बघत राहिलो. आबा अक्कांना भेटायला आत निघून गेले होते.