विहिरीत तपासलेला काटा

कामठ्याच्या पटल्यांच्या घरात शिडाची नाव आणणारा हिरालाल पहिलाच, आणि देव करो, शेवटचाच ठरो. पटले जातीने पवार, आणि पवारांनी धान लावावं, बांध्या म्हणजे धानाची खाचरं राखावीत. पाणी त्यांच्या ओळखीचं ते गुडघ्यापर्यंत. हिरालालने मात्र उमेदीची सगळी वर्षं परमुलखातल्या एका बोट क्लबात खलाशी म्हणून काढली. क्लबाने नव्या बोटी घेतल्या तेव्हा एक जुनी शिडाची नाव भंगारात निघाली. ती त्याने मागून घेतली, ट्रकवर चढवून गावाकडे आणली आणि इटियाडोह धरणाच्या पाण्यात सोडली. हिवाळ्यात सहलीचे लोक येतात, त्यांना फिरवायचं असा बेत होता. धाकटा भाऊ छोटेलाल म्हणाला, भाऊला वावरातला नांगर जड झाला म्हणून पाण्यातला धरून राहिला. हिरालालने ते कानाआड केलं. दुसऱ्याचं ऐकणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

नावेवर दोन तबकड्या होत्या, त्याच्या मुलापेक्षा, गुड्डूपेक्षाही वयाने मोठ्या. एक पाण्याची खोली सांगे, दुसरी नावेचा वेग. खोलीवालीचा डोळा नावेच्या बुडाला बसवलेला. तो खाली आवाज सोडायचा, आवाज तळाला आपटून परत आला की वर काटा हलायचा. वेगवालीची छोटी चक्री बुडाबाहेर पाण्यात फिरायची. फिरायची म्हणजे, फिरली तर. इटियाडोहात पाणगवत भारी, ते चक्रीत अडकलं की काटा शून्यावर झोपून जाई. मग गुड्डूने पाण्यात सूर मारायचा, नावेखाली जाऊन गवत उपटायचं आणि फुरफुरत वर यायचं. पोरगा वीस पार केलेला, अंगाने धट्टाकट्टा, पाण्यात मासोळीच.

त्या काट्यांचे सुटे भाग आता कुठे मिळत नव्हते. नवीन यंत्र बसवू, असं गुड्डू दोनदा म्हणाला. हिरालालने जुनंच, बुडाच्या डोळ्यासकट सोडवून, गोंदियातल्या एका रेडिओवाल्याकडून जोडून आणलं आणि त्याची परीक्षा घेतली ती घरच्या विहिरीत. अर्धा गाव जमला होता. त्याने दोरीने तो डोळा विहिरीत सोडला, काटा पाहिला, मग दगड बांधलेला दोर सोडून मोजला. दोन्ही तंतोतंत जुळलं. म्हातारेकोतारे माना डोलवायला लागले, आणि भावकीसमोर हिरालालची मान जी वर झाली ती खाली यायला तयार होईना. दसऱ्याला त्याने नांगर, विळ्यांच्या रांगेत दोन्ही तबकड्या मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. आता पूजलेल्या वस्तूला खोटं म्हणायची कोणाची छाती? खोली पाहायचा बांबू त्याने धुरपताला, बायकोला, दोडक्याच्या मांडवासाठी देऊन टाकला.

आपल्या लोकांचं हेच तर दुखणं आहे. एकदा चारचौघांत खरं ठरलं की ते जन्मभर खरं.

त्या वर्षी उन्हाळी धानासाठी कालव्यांना भरपूर पाणी सुटलं आणि जलाशय झपाट्याने उतरला. बापलेक नाव तपासायला म्हणून निघाले, तिसरं कोणी नव्हतं. वारा पाठीमागून होता, म्हणून नावेच्या बुडाखाली पाण्यात उतरणारी मधली फळी वर ओढून घेतलेली. अशी नाव गुडघाभर पाण्यातूनही सरकत जाते आणि आतल्या माणसाला कळत नाही. पाणी गढूळ, तळ दिसायचं नाव नाही. एकाएकी वेगाचा काटा शून्यावर आला.

राहू द्या, वेग कोणाला पाहिजे, असं गुड्डू म्हणाला. खरंच, कोणाला पाहिजे होता? तिथे काय शर्यत लागली होती? पण बंद पडलेला काटा हिरालालच्या डोळ्यांत खुपे. त्याने शीड उतरवलं आणि पोराला उतरायला सांगितलं. गुड्डू नावेच्या काठाशी उभा राहून पाण्याकडे पाहत राहिला.

"बाबूजी, पाणी लय उतरला हाय. इथं खाली गाळ असन. बांबू तं घरी हाय, पहिले वल्हं टाकून पाहू."

"काटा सात फूट सांगून राहिला," हिरालाल म्हणाला. "तुले माह्यावर भरोसा नाही काऊन?"

नेहमीसारखे हात जोडून त्याने सूर मारला.

पाय बराच वेळ वरच राहिले, मग आडवे झाले. हिरालालने उडी टाकली तेव्हा पाणी त्याच्या मांडीला लागलं आणि पाय खाली चिखलात रुतत गेले. त्याने पोराला दोन्ही बगलांत धरून ओढलं, कसंबसं नावेत घातलं. तोंडातला गाळ बोटांनी काढला. श्वास होता. मान मात्र कशीतरीच लोंबत होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी मानेचं हाड मोडलं म्हणून सांगितलं. मानेखाली आता काही हलणार नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणीतरी कसं झालं ते विचारलं, आणि हिरालालच्या तोंडून निघून गेलं, की पोरगा तिरपा पडला. त्याने ठरवून सांगितलं नव्हतं. पण धुरपताने ते ऐकलं, तिने माहेरी सांगितलं, आणि बघता बघता गावात तेच खरं ठरलं.

पोराला घरी आणल्यावर हिरालाल एकटाच इटियाडोहावर गेला, हातात बांबू घेऊन. कालवे मध्येच बंद झाले होते, पाणी तेवढंच होतं. त्याच जागी बांबू सोडला. अडीच फूट पाणी. त्याखाली बांबू आपल्याच वजनाने गाळात उतरत गेला आणि पार खाली, बुडालेल्या कुठल्याशा जुन्या बांधीच्या कडक मातीला जाऊन टेकला. बरोबर सात फूट. जुन्या यंत्राचा आवाज त्या पातळ गाळातून पाण्यातून जावा तसा निघून जात होता. घरच्या विहिरीचा तळ खडकाचा. तिथे तो चुकणार कसा? हिरालाल नावेत बसून ढसाढसा रडला. पण घरी येऊन कोणाला काही बोलला नाही.

गुड्डूची खाट ओसरीत टाकली होती. धुरपता त्याला कूस बदलून द्यायची, हिरालाल भरवायचा. ज्याचं डोकं त्या गाळात रुतलं होतं त्याला पाणी किती होतं हे बापाने सांगायची गरज नव्हती, हे हिरालालला कळत होतं. पोरगा कधी तरी बोलून दाखवेल, आईसमोर, चुलत्यासमोर, याची तो रोज वाट पाहायचा. भीतीनेही आणि एका परीने आशेनेही. दुसरं कोणी बोललं तर आपल्याला बोलावं लागणार नाही, इतका माणूस भित्रा असतो.

मग दवनीवाड्याहून मामा आला, धुरपताचा भाऊ डोमनलाल. माणूस सरळ आणि तोंडाचा फटकळ. तो खाटेशी बसला, हिरालालकडे एकवार पाहिलं आणि भाच्यालाच विचारलं.

"खरं सांग गुड्डू. पाणी किती होता तिथं?"

हिरालालच्या हातातली पेजेची वाटी तशीच राहिली.

"सात फूट होता, मामा," गुड्डू म्हणाला. "बाबूजीनं सांगतलं होतं, नीट पाहून मार. मीच तिरपा पडलो."

डोमनलाल हळहळला. इतकं पोहणं येऊन असं कसं केलंस, मायबापाच्या म्हातारपणाचा तरी विचार करायचा होता, असं बरंच बोलला. गुड्डू सगळ्याला हो म्हणत गेला. धुरपता भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती. हिरालालला वाटलं, पोरगा चारचौघांत तोंडावर थुंकला असता तरी इतकं लागलं नसतं. अडीच फूट, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते गळ्यापर्यंत आले. त्याने तोंड उघडलं.

"पेज थंडी होऊन राहिली," तो म्हणाला, आणि चमचा पुढे केला.

गुड्डूने बापाकडे पाहत तोंड उघडलं.