वेणूकाकीनं दावं दिलं नाही

आमच्या वाडीत शेळी घ्यायची असो की विकायची, आधी ती वेणूकाकीच्या अंगणात यायची. काकी अंगठ्यानं तिचा खालचा ओठ दाबायची, एक नजर टाकायची आणि वय सांगून मोकळी व्हायची: दोनदाती, चारदाती, नाहीतर जुळली, म्हणजे पुढचे सगळे दात आलेली. तिच्या शब्दावर सौदे ठरायचे आणि मोडायचेही. एकदा माझ्याकडे उतरलेली पुण्याची पाहुणी शेळीचे वरचे दात पडले म्हणून हळहळायला लागली, तेव्हा काकी पदर तोंडाला लावून हसली. शेळीला वर पुढे दात नसतातच, नुसती कडक हिरडी असते, हे त्या बाईला मीच सांगितलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही, काय करू!

तर अशा या काकीची स्वतःची शेळी, चांदी, यंदा दिवाळीनंतर वाळायला लागली. बरगड्या मोजून घ्या. पाला तोंडात घ्यायची, चघळायची आणि ओल्या गोळ्या करून खाली टाकायची. हनुवटी सदा लाळेनं भिजलेली. पेज मात्र घटाघटा प्यायची. काकीनं सवयीनं ओठ खाली केला, तर पुढचे दात झिजलेले, मधे फटी. "म्हातारी झाली गो," एवढंच मला म्हणाली. तिनं वय सांगितल्यावर वाडीत कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. आता तीसुद्धा बघेना.

चांदी साधी शेळी नव्हे, हे मला ठाऊक होतं. चक्रीवादळात काकीचा गोठा बसला तेव्हा बाकीची सगळी जनावरं गेली आणि ही एकटी आडव्या पडलेल्या पोफळींमधून ओरडत बाहेर आली. आज गोठ्यात जी करडं उड्या मारतात ती सगळी हिच्याच पोटची. काका गेल्यापासून काकी मुलाशी फोनवर बोलते आणि चांदीशी समोरासमोर. पण डोळ्यांदेखत उपाशी मरू द्यायची का, असं म्हणून तिनं शेवटी मोरूला बोलावलं. मोरू म्हसळ्याच्या खाटकाला जनावरं पुरवतो. माझा तर नुसता संताप झाला, पण कोणावर चिडायचं तेच कळेना.

सकाळी मोरूचा टेम्पो आला. आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत, ते गोठ्यातल्या खुंटीवरच राहतं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. काकीनं आपलं दावं सोडून घेतलं आणि मोरूनं स्वतःची दोरी चांदीच्या गळ्यात बांधली. मग काकी खाली बसली, चांदीचं तोंड दोन्ही हातांत धरून गाल कुरवाळायला लागली. एवढ्यात चांदीनं मान झटकली. काकीनं परत डाव्या गालावरून बोटं फिरवली. आत काहीतरी गच्च भरलेलं लागत होतं, आणि तोंडाला घाण वास. मीही वाकून हुंगलं आणि नाकाला पदर लावला.

काकीनं माझ्याकडे मान वळवली. "कोकिळे, मी फकस्त पुढचंच दात बघितलं," ती म्हणाली. "माझ्या आज्यापास्नं आम्ही पुढचंच बघतो. चावतात ते मागचं."

ती तोंडात बोट घालायला निघाली, तसा मोरूनंच तिचा हात धरला. शेळीच्या दाढांमधे बोट सापडलं तर तुकडा पडतो, त्याच्या काकाचा पडलाय. तोही बिचारा कातावला होता, पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं त्याला. तरी म्हणाला, म्हसळ्याला जातोच आहे, वाटेत गुरांच्या दवाखान्यात दाखवू. डॉक्टर नाही म्हणाले तर मात्र तिथूनच घेऊन जाईन. काकीनं मान हलवली. मी चपला घातल्या आणि न विचारताच टेम्पोत चढले.

टेम्पो घाटाला लागला. चांदी काकीच्या मांडीवर लाळ गाळत उभी. मी मनात सगळ्या देवांना कामाला लावलं होतं.

डॉक्टरांनी आधी बाहेरूनच जबडा चाचपला. हाडाला कडक गाठ असली तर माझ्या हातात फारसं काही नाही, असं त्यांनी सांगितलं. बोटं जबड्यावरून फिरत होती तेवढा वेळ काकीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. हाड चांगलं निघालं. मग बधिर करायची सुई दिली, जबड्यात लोखंडी अडसर लावला आणि बॅटरीच्या उजेडात चिमट्यानं ओढून काढला तो सुपारीच्या सालीचा चिवट झुबका, दोन दाढांमधे रुतलेला. त्यामागे कुजलेल्या पाल्याचा गोळा. एक दाढ हलत होती, तीही काढली. वाडीतल्या पडलेल्या सुपाऱ्या चघळत हिंडते बया, आणि आम्ही तिचं वय काढत बसलो! जखम भरेपर्यंत पेज आणि कोवळा पाला द्या, औषध चुकवू नका, डॉक्टर म्हणाले. पुढचे दात झिजलेत, पण अजून चरेल.

काकी ढसाढसा रडली. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू. इतकं हलकं वाटलं की डॉक्टरांच्या पाया पडावं की मोरूच्या, ते सुचेना.

मोरूनं डोकं खाजवत चांदीच्या गळ्यातली दोरी सोडली. ती त्याची, त्याला हवीच होती. आता परत कशी न्यायची, पदरानं बांधून का, असं मी विचारणार तोच काकीनं कमरेला हात घातला आणि लुगड्याच्या ओच्यातून स्वतःचं दावं बाहेर काढलं.

"ते खुंटीवर ठेवलंस ना तू?" मी म्हटलं.

"न्हाय," काकी म्हणाली, "हात धजला न्हाय."

आणि तिनं ते चांदीच्या गळ्यात बांधलं.