म्हातारीला झोपवायचं नाही

सांगलीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, माझं आणि माझ्या भागीदाराचं. दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनं मशीन असायचं. त्याला आम्ही म्हातारी म्हणायचो. ती कधीही बंद करायची नाही, असा दुकानाचा नियम होता.

नियम केला होता आमच्या म्हसवडच्या मित्रानं. फौजेत बिनतारी संदेशाची, सिग्नलची नोकरी संपवून तो आमच्याकडे कामाला लागला होता. आठवडाभर सांगलीत राहायचा आणि शनिवारी गावी जायचा. एकदा त्यानं सहज म्हटलं, "म्हातारीला झोपवायचं न्हाई गड्या. झोपली तर उठायची न्हाई." आम्ही हसलो आणि हसत हसत पाळायला लागलो. आमच्या धंद्यात मशीन किती दिवस सलग चाललं याचा फार तोरा असतो. लोक गाडीचं ॲव्हरेज सांगतात, तसं आम्ही हे सांगतो. दसऱ्याला सगळी मशीनं बंद करून पूजा व्हायची. म्हातारीला मात्र चालू असतानाच हळदकुंकू लागायचं.

या म्हातारीवर आमचा कट्टा होता. कट्टा म्हणजे इंटरनेटवरचं साधं एक पान. वाई, कराड, उंब्रजकडची आमच्या धंद्यातली मंडळी ते उघडायची आणि गिऱ्हाइकांच्या गमती लिहायची. त्यात आमच्या मित्राचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो बोलतो तसंच लिहायचा. त्याचे किस्से इतके फिरले की कराडच्या एका इंजिनिअरनं त्यातलाच एक मला आपल्या चुलतभावावर गुदरलेला म्हणून रंगवून सांगितला. मी त्याला अडवलं नाही. किस्सा असाच मोठा होतो.

एका सोमवारी तो आलाच नाही. शेतात पाणी पाजताना हृदयविकाराचा झटका आला आणि जागीच गेला. त्यानंतर म्हातारी बंद करायची कुणाची छाती नव्हती. आधी जी थट्टा होती, तिचं आता व्रत झालं. कट्ट्याची दुसरी प्रत काढून ठेवावी, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. दिवसभर आम्ही गिऱ्हाइकांना बॅकअप ठेवा म्हणून दटावायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

मग पूर आला. कोयनेतनं पाणी सोडल्याचं ऐकलं आणि दुपारपर्यंत रस्त्यावर पाणी दिसायला लागलं. गिऱ्हाइकांची मशीनं आम्ही वरच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे नेऊन ठेवली. शेवटी म्हातारी राहिली. कुणीही शहाण्यानं बटण दाबून ती बंद केली असती आणि काखेत मारून वर नेली असती. आम्ही तिला चालूच न्यायचं ठरवलं. भागीदारानं यूपीएसची, म्हणजे बॅटरीची, जड पेटी उचलली, मी म्हातारीला उचललं. मधे हातभर वायर. पावलाला पाऊल मिळवत आम्ही जिना चढत होतो आणि हसतही होतो, कारण तो असता तर यावर त्यानं फर्मास किस्सा लिहिला असता. वळणावर भागीदाराचा ओला पाय घसरला, वायर ताणली गेली आणि म्हातारी माझ्या हातातनं सुटली. पायरीवर आपटल्यावर आतून कर्रकर्र आवाज आला. बंद डिस्क पडली तर एखादे वेळी वाचते. फिरती डिस्क पडली की तिच्या आतला काटा सगळं खरवडून काढतो. हे मला माहीत होतं. बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या पुण्याच्या माणसानं ती उघडून बघितली आणि तशीच परत पाठवली. मला अजूनही त्या जिन्याचा राग येतो, आमचा येतो आणि खरं सांगायचं तर त्या मित्राचाही येतो. कशाला केला होतास असला नियम?

पूर ओसरून दुकान पुन्हा लागलं, तेव्हा त्याची बायको, आमच्या वहिनी, आल्या. एकट्याच, म्हसवडहून एसटीनं.

"भावजी, त्यांनी लिवल्यालं तेवढं कागदावर काढून द्या," त्या म्हणाल्या. "फौजेत हुते तवा फोनवर खुशाली इचारायचे, बास. हितनं शनवारी यायचे, जेवायचे, झोपायचे. लोकांस्नी लय हसवायचे म्हणत्यात. मला कवा त्ये दिसलंच न्हाई."

ते गेलं, असं मी सांगितलं. कसं गेलं तेही सांगितलं. त्यांनी दुकानभर नजर फिरवली.

"दुरुस्तीचंच दुकान न्हवं ह्ये?"

मग आम्ही आठवतील तेवढे किस्से त्यांना तोंडी सांगायला लागलो. उंब्रजच्या पतसंस्थेतला कॉम्प्युटर रस्त्यावरनं उसाचा ट्रॅक्टर गेला की बंद पडायचा. मॅनेजरनं त्याला लिंबू-मिरची बांधली होती. आमच्या मित्राला दिसलं की प्लग ढिला आहे आणि हादऱ्यानं हलतोय. त्यानं तो बसवला आणि मॅनेजरला बजावलं, लिंबू मात्र दर अमावस्येला बदला, नाहीतर माझ्या कामाची गॅरंटी नाही. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकातून एक किस्से निघत गेले. आम्हालाही हुरूप आला.

"आन् माज्यावर काय लिवलं हुतं का?" त्यांनी मधेच विचारलं.

"होतं की!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो. ते खरंच होतं. चांगलं लांबलचक लिहिलं होतं. आम्ही दोघांनी ते इथंच बसून वाचलं होतं आणि खूप हसलो होतो, एवढं मला पक्कं आठवत होतं. बाकीचे किस्से आम्ही चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगितले होते, म्हणून टिकले. वहिनींवरच्या लिखाणात कॉम्प्युटर नव्हता. नुसती त्याची बायको होती. त्यामुळे ते पुन्हा कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं आणि आता त्यातलं एक वाक्यही आठवेना.

वहिनी खुर्ची जवळ ओढून बसल्या. "सांगा की मग."

भागीदार माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे.