भूपालची धारोष्ण गोळी

भूपाल आमच्याच पाळीत साखर कारखान्यात होता. कष्टाला कमी नव्हता. नको तिथं करायचा, एवढंच. दोन बोल्टांनी भागत असेल तिथं हा चार पिळायचा आणि एकाचा आटा घालवायचा.

त्र्याऐंशी साली त्याची बायको पद्मावती गरोदर होती. आधीचं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला तिचा गळा सुजलेला दिसला. डॉक्टर नंदिनीबाईंनी रक्त तपासलं आणि थायरॉईडची गोळी दिली. सकाळी, रिकाम्या पोटी, एवढंच सांगितलं.

गरोदर बाईला नुसत्या पाण्यावर औषध, हे भूपालला पटेना. तो गोळी खलात कुटून तांब्यात टाकायचा आणि कसबा बावड्यातल्या घरून सायकल हाणत कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायचा. गवळी म्हशीखाली बसला की म्हणायचा, "मार धार हिच्यावर." फेस मोडायच्या आत तांब्या घरी.

दुसऱ्या तपासणीला मीही बरोबर गेलो. रक्ताच्या आकड्यात फरक काही नव्हता.

"गोळी थुंकतेस का गं?" बाईंनी पद्मावतीला विचारलं.

भूपाल उखडला. "थुकंल कशाला? मी सोत्ता धारोष्ण दुधात कालवून पाजतोय!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, रिकामं पोट म्हणजे काय?"

"आधी काय खायाचं न्हाय. न्हाईच की खाल्लं!"

"आणि गोळीबरोबर तांब्याभर दूध? दुधामुळं ती अंगात नीट उतरत नाही." मग त्यांनी समजावलं. "बाळाची स्वतःची गळ्यातली ग्रंथी अजून नीट चालत नाही. तोवर आईच्याच ग्रंथीचा रस त्याला पोचतो, आणि ही गोळी म्हणजे तोच रस. त्याच्या यकृताची पेशी घ्या. तिच्यात सगळ्या कामांचे हुकूम लिहून ठेवलेले असतात. कुठला उघडायचा, कुठला मिटलेला ठेवायचा, हे त्या रसावर ठरतं."

"आन् न्हाई पोचला तर?"

"वाढ मागं पडते."

भूपालचा चेहरा उतरला. "म्हंजे एवढी सायकल हाणून मी पोराचंच काम बंद पाडलं व्हय?"

"अजून वेळ आहे. गोळी, पाणी, मग तासभर काही नाही."

तेव्हापासून गोळीनंतर तो स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायचा. त्याची आई, आक्का, सुनेसाठी पेज घेऊन आली की आडवा व्हायचा.

"आरं, तुझ्या येळंला कुठली गोळी हुती?" आक्का ओरडायची.

"म्हणून तर आसा झालोय!"

पुढच्या तपासणीत आकडा सुधारला. दिवस भरल्यावर चंदना झाली, खणखणीत आवाजाची. बाईंनी बजावलं, कावीळ आणि शी यांवर लक्ष ठेवा, काय ते कळवा.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी भूपालनं बाळाचं भरलेलं दुपटं दवाखान्यात नेलं आणि बाईंच्या टेबलावर उघडलं. बाकावरचे पेशंट उठून बाहेर गेले.

"अहो, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं!"

"नको बाई," भूपाल म्हणाला. "गोळीच्या येळंला तोंडी सांगण्यातच घोळ झालता."